डोळ्यात थेंब की सुई? मोतीबिंदूच्या ऑपरेशनची भूल समजून घेऊया

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं आरोग्यविषयक भाषण)

 

आज आपण बोलणार आहोत मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी दिल्या जाणाऱ्या भुलेबद्दल. तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? भूल देणं डॉक्टरांचं काम, आपण कशाला त्यात डोकं घालायचं? पण हा विषय आम्हाला एका बचत गटाच्या बैठकीतच सापडला. तो कसा, ते आधी सांगतो.

आम्ही एका वाडीवर बैठकीला गेलो होतो. हप्ते जमा होत होते. गटातल्या सगळ्यात थोरल्या मावशींनी पन्नासची नोट म्हणून शंभराची पुढे केली. सचिव ताईंनी नोट परत करत हळूच विचारलं, "मावशी, दिसत नाही का नीट? मोतीबिंदू काढून का घेत नाही?"

मावशी म्हणाल्या, "काढीन की, पर डोळ्यात सुई घालत्यात म्हनं. माझ्या जावेला घातली हुती. मी न्हाई बाई घालून घ्यायची."

लगेच पलीकडून एक सून म्हणाली, "काही सुईबिई नसते मावशी. आमच्या मामंजींना नुसते थेंब टाकले. अर्ध्या तासात बाहेर आले आणि चहा मागितला."

झालं! बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे सुई, दुसरा म्हणे थेंब. आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचं खरं होतं. जावेला सुईच दिली होती आणि मामंजींना थेंबच टाकले होते. मग एकीला हे आणि दुसऱ्याला ते, असं का? थेंब कसला? त्यानं दुखायचं खरंच थांबतं का? या प्रश्नांची उत्तरं माहीत नसल्यामुळे मावशी दोन वर्षं थांबल्या होत्या. म्हणून आजचा हा विषय.

मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे नेमकं काय

आपल्या डोळ्यात, बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. वय वाढलं की ते हळूहळू गढूळ होतं. काचेच्या तावदानावर धूर बसावा तसं. नजर धूसर होते, समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा दिसतो, रंग फिके वाटतात. निळ्या-जांभळ्या रंगांतला फरक तर लवकर कळेनासा होतो. मावशींचा पन्नास आणि शंभरच्या नोटांमधला घोळ त्यातूनच झाला असणार.

हे गढूळ भिंग थेंबांनी, गोळ्यांनी किंवा कुठल्या पाल्याच्या रसानं साफ होत नाही. ते काढून त्या जागी नवीन, कृत्रिम भिंग बसवावं लागतं. हे दोन पद्धतींनी करतात. एक, फेको. यात तिळाच्या दाण्याएवढी फट पाडून, बारीक कंपनांनी भिंगाचे तुकडे करून ते ओढून घेतात. ही पद्धत १९६७ साली अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स केलमन यांनी आणली. दुसरी, लहान छेदाची पद्धत. यात तांदळाच्या दाण्याएवढा छेद घेतात आणि भिंगाचा कडक गाभा अखंड बाहेर काढतात. आपल्याकडच्या मोठ्या शिबिरांत ही दुसरी पद्धत खूप चालते. तिला महागडं यंत्र लागत नाही आणि फार पिकलेला मोतीही तिनं नीट निघतो.

या दोन पद्धती लक्षात ठेवा. थेंब की सुई, याचा निर्णय बराचसा त्यांच्यावर अवलंबून असतो.

दुखतं कुठे?

ज्या भिंगाचं ऑपरेशन करायचं, त्या भिंगाला स्वतःला दुखतच नाही. वेदना नेणाऱ्या नसा त्यात नसतात. नखं कापताना दुखत नाही, तसंच.

दुखतं ते वरच्या भागात. डोळ्याच्या पुढे जी पारदर्शक काच असते, ती शरीरातल्या सगळ्यात हळव्या जागांपैकी एक आहे. साधं कुसळ गेलं तरी आपण कासावीस होतो, ते तिच्यामुळेच. दुसरी हळवी जागा म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा. त्याला धक्का लागला किंवा तो ताणला गेला, तर आत खोल ठणकल्यासारखं किंवा दाबल्यासारखं वाटतं.

म्हणजे भुलेला दोन कामं करायची असतात. वरची काच बधिर करायची, आणि जमलं तर आतल्या पडद्याचीही जाणीव कमी करायची. थेंब पहिलं काम फार छान करतात. दुसरं काम ते पूर्ण करू शकत नाहीत. थेंबांबद्दलचे बहुतेक गैरसमज हे न कळल्यामुळे होतात.

थेंबांची भूल आली कुठून

एके काळी डोळ्याचं ऑपरेशन माणूस शुद्धीवर असताना, भुलेशिवाय, चार जणांनी धरून करत. १८८४ साली ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात कार्ल कोलर नावाचा एक तरुण डॉक्टर कोकेन या पदार्थावर काम करत होता. कोका नावाच्या झाडाच्या पानांपासून तो काढतात. तो जिभेला लागला की जीभ बधिर होते, हे सगळ्यांना माहीत होतं. कोलरच्या मनात आलं, जीभ बधिर होते तर डोळा का नाही? त्यानं आधी बेडकाच्या डोळ्यात थेंब टाकून पाहिला, मग इतर जनावरांच्या आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यात. टाचणीचं डोकं डोळ्याला टेकवलं, तरी काही जाणवलं नाही! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या सभेत हे दाखवलं गेलं. तिथे जायलाही कोलरकडे पैसे नव्हते, त्याच्या वतीनं दुसऱ्या डॉक्टरांनी ते मांडलं.

पुढे कोकेनचे तोटे समजले. त्याचं व्यसन लागतं आणि डोळ्याच्या काचेला त्यानं इजाही होते. म्हणून त्याच्याऐवजी नवी, सुरक्षित औषधं तयार झाली. आज दवाखान्यात टाकतात ते थेंब कोकेनचे नसतात, तेव्हा त्याची भीती बाळगू नका. नावाच्या शेवटी मात्र अजून 'केन' राहिलं आहे.

कोणता थेंब कसा

आता या 'केन' भावंडांची ओळख करून घेऊ. नावं पाठ करायची गरज नाही. फरक कळला की पुरे.

पहिला प्रोपाराकेन. याचं ०.५ टक्क्याचं औषध आपल्याकडे भरपूर वापरतात. डोळ्याचा दाब तपासतानाही बहुधा हाच थेंब टाकतात. याचा मोठा गुण म्हणजे टाकताना हा सगळ्यात कमी झोंबतो. अर्ध्या मिनिटात डोळा बधिर होतो. पण हा पाहुणा लवकर जातो, साधारण पाव तासात असर उतरू लागतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी थोड्या थोड्या वेळानं तो दोन-तीनदा टाकतात.

दुसरा टेट्राकेन. हाही लवकर बधिर करतो, पण टाकताना चांगलाच झोंबतो. डोळे गच्च मिटून घ्यावेसे वाटतात, पाणी येतं. एकाच माणसाच्या एका डोळ्यात प्रोपाराकेन आणि दुसऱ्यात टेट्राकेन टाकून डॉक्टरांनी तुलना केली आहे. जास्त झोंबणारा डोळा कोणता असं विचारलं की लोक टेट्राकेनच्या डोळ्याकडे बोट दाखवतात.

तिसरा लिग्नोकेन. दात काढताना हिरडीत जे इंजेक्शन देतात, त्यातलंच हे औषध. डोळ्यासाठी ४ टक्क्यांचे थेंब असतात. सुरुवातीला थोडे झोंबतात, पण असर सहसा प्रोपाराकेनपेक्षा जरा जास्त टिकतो. याच औषधाचं २ टक्क्यांचं जेल, म्हणजे मलमासारखं घट्ट औषधही असतं. थेंब अश्रूंबरोबर वाहून जातो, जेल मात्र डोळ्यावर चिकटून राहतं. म्हणून ते पुन्हा पुन्हा घालावं लागत नाही. तुलना झाल्या त्यांत जेल थेंबांच्या बरोबरीचं किंवा थोडं सरसच ठरलं. पण जेल वापरताना एक काळजी घ्यावी लागते. डोळ्यातले जंतू मारायला आयोडीनचं तपकिरी औषध टाकतात. जेल आधी घातलं तर त्याचा थर मध्ये येतो आणि आयोडीन डोळ्याला नीट लागत नाही. म्हणून आधी साधा भुलेचा थेंब, मग आयोडीन आणि त्यानंतर जेल, असा क्रम ठेवतात.

आता प्रश्न असा, की यातला सगळ्यात चांगला कोणता? खरं उत्तर हे, की 'टाकताना कमी झोंबणारा' आणि 'ऑपरेशनभर जास्त आराम देणारा' या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. थेंब डोळ्यात पडताना झोंबला म्हणून तो वाईट नाही. नाही झोंबला म्हणून तो जास्त वेळ टिकेल असंही नाही. आणि कुठलाही थेंब घ्या, तो वरची काच बधिर करतो. आतल्या रंगीत पडद्यापर्यंत त्याचा असर थोडाच पोचतो.

म्हणून पुष्कळ डॉक्टर थेंबांना जोड देतात. पहिली छोटी फट पाडली की तिच्यातून डोळ्याच्या आत लिग्नोकेनचं खास सौम्य औषध सोडतात. यासाठी वेगळी सुई टोचावी लागत नाही. नुसते थेंब आणि थेंबांसोबत हे आतलं औषध, अशी तुलना केली तेव्हा जोड दिलेल्यांना ऑपरेशनमध्ये कमी दुखलं. म्हणजे थेंबाचं नाव काय यापेक्षा, थेंबाला जोड आहे की नाही, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आणखी एक. "डॉक्टर, दोन थेंब जास्तच टाका," असं म्हणू नका. हे थेंब गरजेपेक्षा जास्त वेळा टाकले की डोळ्याची काच वरून धुरकट होते. मग डॉक्टरांनाच आतलं नीट दिसत नाही.

आणि सुई?

आता मावशींच्या जावेकडे येऊ. सुई डोळ्यात घालतात, हे अर्धं खरं आहे. सुई डोळ्याच्या बुबुळात किंवा गोळ्यात टोचत नाहीत. ती डोळ्याच्या गोळ्याशेजारी, बहुतेक वेळा खालच्या पापणीच्या बाजूनं देतात. टोचताना दुखतं, मग दाटल्यासारखं वाटतं. औषध पसरावं म्हणून डोळा वरून थोडा वेळ दाबून ठेवतात. काही मिनिटांत डोळा पूर्ण बधिर होतो. तो हलत नाही आणि त्या डोळ्याची नजरही तेवढ्यापुरती मंद होते. हे पाहून कुणी घाबरू नये. असर उतरला की हालचाल आणि नजर परत येते. तोवर डोळ्यावर पट्टी असते.

काही ठिकाणी टोकदार सुईऐवजी बोथट टोकाची वाकडी नळी वापरतात. आधी थेंबांनी डोळा बधिर करतात, मग वरच्या पातळ पडद्यात बारीक छेद घेऊन त्या नळीतून औषध सोडतात.

दुखणं थांबवण्याच्या कामात सुई आणि नळी थेंबांपेक्षा सरस आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आतला पडदाही त्यांनी बधिर होतो. मग सगळ्यांनाच सुई का देत नाहीत? कारण सुईचे धोके क्वचित का होईना, असतात. डोळ्यामागे रक्त साकळू शकतं, आणि फारच क्वचित सुईचं टोक डोळ्याच्या गोळ्याला लागू शकतं. थेंबांत हे दोन्ही धोके नाहीत. नजरही लवकर येते आणि पुष्कळदा जाड पट्टीची गरज पडत नाही.

कोणाला थेंब, कोणाला सुई

थेंबांवर ऑपरेशन करताना डोळा हलू शकतो. म्हणून आपण वरच्या दिव्याकडे शांतपणे बघत पडून राहणं भागच असतं. "वर बघा, खाली बघा" हे डॉक्टरांचं बोलणं ऐकू यायला हवं आणि कळायलाही हवं. त्यामुळे ज्यांना ऐकू कमी येतं, ज्यांना उताणं स्वस्थ पडता येत नाही, सतत खोकला येतो, मान किंवा हात थरथरतात, किंवा जे फारच घाबरलेले असतात, त्यांना नुसते थेंब सोयीचे पडत नाहीत. तुमच्या घरची भाषा डॉक्टरांना येत नसेल तर तेही आधी सांगा. हा मुद्दा लहान वाटतो, पण ऑपरेशनच्या टेबलावर तो मोठा होतो.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर मात्र थेंबांचा फायदा मोठा. टोचणंच नाही, तर मागे रक्त साकळायची भीती नाही. पण ती गोळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगा, आणि ती स्वतःच्या मनानं बंद करू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे जुनी समजूत आहे, "मोती पिकल्याशिवाय काढायचा नाही." ती आता सोडायला हवी. पूर्वीच्या पद्धतींसाठी ते ठीक असेल, आज पिकायची वाट बघायचं काहीच कारण नाही. उलट जितका मोती पिकतो, तितका त्याचा गाभा कडक होतो. कडक गाभ्याला जास्त वेळ आणि जास्त हाताळणी लागते. बऱ्याचदा मग मोठा छेद घ्यावा लागतो आणि अशा ऑपरेशनला थेंब पुरत नाहीत, सुईच द्यावी लागते. फार पिकून तो आत फुगला किंवा पाझरला, तर डोळ्याचा दाब वाढून डोळा लाल होतो, भयंकर ठणकतो आणि नजर कायमची जाऊ शकते.

बघा हं, मैत्रिणींनो. सुईच्या भीतीनं जी बाई थांबते, तिलाच शेवटी सुई घ्यावी लागण्याची शक्यता वाढते. आणि आपण बायका थांबण्यात पटाईत. आधी पेरणी, मग नातीचं लग्न, मग सुनेचं बाळंतपण. घरातल्या पुरुषाच्या डोळ्याला गाडी लगेच ठरते, आपल्या डोळ्याला मुहूर्तच सापडत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी काय काय झोंबतं

डोळ्यात बरेच थेंब पडतात आणि आपण सगळ्यांना "भुलेचे थेंब" म्हणतो. त्यात घोटाळा होतो. तीन प्रकार वेगळे ओळखा.

पहिले, बाहुली मोठी करणारे थेंब. हे घरून निघाल्यावर, वॉर्डात बसवून टाकतात. हे झोंबतात. यांनी डोळा बधिर होत नाही, उजेड मात्र जास्त वाटतो. कुणाला वाटतं, "भुलेचे थेंब टाकले तरी मला सगळं जाणवतंय, आता कसं व्हायचं?" अहो, भूल अजून दिलेलीच नसते.

दुसरे, खरे भुलेचे थेंब. त्यांच्याबद्दल आताच बोललो.

तिसरं, ते तपकिरी आयोडीनचं औषध. बधिर डोळ्यात टाकलं तर फार जाणवत नाही. हे औषध ऑपरेशननंतर डोळ्यात पू होऊ नये म्हणून फार मोलाचं आहे. थोडं झोंबलं तरी नको म्हणू नका.

ऑपरेशन चालू असताना थेंबांवर असलेल्या माणसाला काय वाटतं? स्पर्श जाणवतो. पाणी ओतल्यासारखं वाटतं. दिव्याचे रंग हलताना दिसतात, कधी लाल, कधी निळे. आत भिंग बसवताना दाब येतो. हे सगळं ठीक आहे. चिरल्यासारखी कळ मात्र यायला नको. तशी आली तर सोसत बसू नका. डोकं न हलवता, तोंडानं सांगा, "डॉक्टर, दुखतंय." लगेच आणखी औषध देता येतं. खोकला किंवा शिंक येणार असेल तरी आधी सांगा. आपल्याला लहानपणापासून "सोसायचं" शिकवलेलं असतं. ऑपरेशनच्या टेबलावर ती शिकवण बाहेर ठेवून जा.

रंग आणि दिवे दिसतील हे आधी सांगितलेलं असलं, तर लोक कमी घाबरतात. ऑपरेशनच्या वेळी कुणी हात धरून बसलं तरी भीती कमी होते, हेही अभ्यासात दिसलं आहे. हातात हात ही फुकटची भूल आहे. सिस्टरांना विचारा, "ताई, थोडा वेळ हात धराल का?" विचारायला लाजायचं कशाला?

ज्यांचा एक डोळा झाला आहे आणि दुसरा व्हायचा आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. पुष्कळांना दुसऱ्या डोळ्याच्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त जाणवतं. पहिल्या खेपेला मन वेगळ्याच धास्तीत असतं, दुसऱ्या खेपेला आपण बारकाईनं लक्ष देतो. म्हणून "या वेळी भूल कमी दिली" असं समजून घाबरू नका. पण दुखलं तर सांगायचं, हा नियम तोच.

थेंब घरी आणायचे नाहीत

हे कान देऊन ऐका. भुलेचे थेंब दवाखान्यातच राहू द्यायचे.

डोळ्यात उसाचं पातं लागतं, भाताचं कुसळ जातं, वेल्डिंगची ठिणगी जाते. डोळा ठणकतो. अशा वेळी कुणीतरी सांगतं, "दवाखान्यात एक थेंब टाकला की क्षणात थांबतं. मेडिकलमधून तोच आण." थेंब टाकला की खरंच थांबतं. मग तासाभरानं पुन्हा टाकायचा, पुन्हा टाकायचा. आणि तिथेच घात होतो.

डोळ्याच्या काचेवर जखम झाली की तिच्यावर नवी कातडी धरावी लागते. भुलेचे थेंब पुन्हा पुन्हा पडले की ही कातडी धरतच नाही. जखम पसरते, काच पांढरी पडते, तिला भोकही पडू शकतं. दुखणं बंद असल्यामुळे घरच्यांना वाटतं, बरं होतंय. आग लागली असताना नुसती घंटा बंद केल्यासारखं आहे हे. डोळ्याचं दुखणं ही घंटा आहे, ती वाजू द्या आणि डॉक्टर गाठा. डोळ्यात काही उडालं तर स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा. चुना किंवा फवारणीचं औषध उडालं असेल, तर लगेच आणि बराच वेळ धुवा, मग दवाखान्यात जा. डोळा चोळू नका.

ऑपरेशन झाल्यावरही हाच नियम. थेंबांची भूल साधारण अर्ध्या तासात उतरते. तोवर डोळ्याला हात लावू नका, कारण नख लागलं तरी कळणार नाही. भूल उतरली की दिवसभर वाळूचा कण गेल्यासारखं टोचतं. ते चालतं. पण दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, डोळा लालभडक झाला, पू आला किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच दिवशी, त्याच वेळी दवाखाना गाठा.

जाण्याआधी काय सांगायचं, काय विचारायचं

कागदावर लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या.

डॉक्टरांना सांगायचं:
– मधुमेह, रक्तदाब, दमा आहे का, गोळ्या कोणत्या चालू आहेत. गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या.
– रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का.
– घरच्या पुरुषमाणसाला लघवी अडण्याच्या त्रासाची गोळी चालू आहे का. त्यातल्या काही गोळ्यांमुळे डोळ्याचा आतला पडदा ढिला पडतो. डॉक्टरांना आधी माहीत असलं तर ते तयारी ठेवतात.
– दात काढताना किंवा टाके घालताना भुलेच्या औषधानं कधी अंगावर पित्त उठलं, श्वास कोंडला, चक्कर आली असं झालं का.
– ऐकू कमी येतं का, उताणं पडल्यावर धाप लागते का.

डॉक्टरांना विचारायचं:
– मला थेंब देणार की सुई? आणि का?
– थेंब असतील, तर सोबत आत औषध सोडणार का?
– मध्येच दुखलं तर मी कसं सांगू?
– सकाळी खाऊन यायचं की उपाशी? साखरेची गोळी घ्यायची का?
– पट्टी कधी निघणार, पुन्हा कधी दाखवायचं?

आणि थेंब असोत की सुई, एकटीनं जायचं नाही. सोबत कुणीतरी हवंच.

सरकारी रुग्णालयांत आणि शिबिरांत हे ऑपरेशन मोफत होतं. अंधत्व रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७६ पासून चालू आहे. तुमच्या गावच्या आशाताईंना विचारा, तारीख त्या सांगतील.

मावशींचं काय झालं?

त्या बैठकीनंतर मावशी तपासणीला गेल्या. सोबत गटातल्या दोघी होत्या. डॉक्टरांनी डोळे पाहिले आणि सांगितलं, "आजी, मोती फार कडक झालाय. थेंबांवर जमणार नाही. सुई द्यावी लागेल." दोन वर्षं आधी आल्या असत्या तर कदाचित थेंबांवर झालं असतं.

मावशी गप्प बसल्या. मग त्यांनीच विचारलं, "सुई बुबुळात न्हाई ना?" डॉक्टरांनी बोटानं दाखवलं, इथे, पापणीच्या खाली. "मग द्या," त्या म्हणाल्या.

नंतर आम्ही विचारलं, किती दुखलं? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही, असं धरलं तर? मावशींनी जरा विचार केला. "टोचलं तवा चार. मग काय बी न्हाई. पर दोन वर्सं जी भीती बाळगली, ती धा हुती."

आता दुसऱ्या डोळ्याची बारी आहे. तो अजून फार पिकलेला नाही. डॉक्टर म्हणालेत, त्याला थेंब चालतील. मावशींनी तारीख घेतली आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा करून झाले की दहा मिनिटं काढा. गटातल्या आणि घरातल्या कोणाकोणाची नजर धूसर झाली आहे, त्यांची नावं एका कागदावर लिहा. कोण कशाला घाबरतं आहे तेही विचारा. कुणी सुईला घाबरत असेल, कुणी खर्चाला, कुणी "मला न्यायला कोण येणार" या विचारानं गप्प असेल. सुईच्या भीतीचं उत्तर आज आपण दिलं. खर्चाचं उत्तर आशाताईंकडे आहे. आणि न्यायला कोण येणार, याचं उत्तर तर तुमचा गटच आहे.